‘परिस्थिति’ची चूक नक्की कुणाची?

‘परिस्थिति’ असं लिहिणारा माणूस चुकला का? पुण्यात चुकला. इंदुरात उत्तर इतकं सरळ नाही. त्याच माणसाने सकाळी नगर निगमला हिंदीत अर्ज करताना ‘परिस्थिति’ लिहिलं, तेव्हा ते बिनचूक होतं. संध्याकाळी गणेशोत्सवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहिलं, तेव्हा तेच चूक ठरलं. शब्द तोच, बोट तेच, फोनही तोच. मधल्या वेळात फक्त नियम बदलला होता.

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर हा प्रसंग साधारण असा घडतो. कुणीतरी काका लिहितात:

‘रविवारी सकाळी ८ ला रामबागेत सर्वांनी वेळे वर यावे. पोहे-जलेबी आहे. पावसाची परिस्थिति पाहून पुढचे ठरवू.’

दोन मिनिटांत खाली उत्तर येतं: ‘वेळेवर – जोडून. परिस्थिती – ती दीर्घ. जरा शुध्द लिहा.’

(नशीब, ‘जलेबी नव्हे, जिलबी’ असं कुणी म्हणत नाही. इंदुरात पोह्यांबरोबर जलेबीच येते.)

मग ग्रुप चिडीचूप. रविवारी येणार की नाही, हे कुणीच सांगत नाही. एक-दोन हात जोडलेले इमोजी येतात, संपलं. आणि पुढच्या खेपेला तेच काका लिहितात, ‘रविवार को सुबह आठ बजे सब लोग समय पर आएँ।’ आता त्यांना कोणी टोकत नाही.

इंदूरची खरी गोम इथे आहे. नाशिक-साताऱ्याकडे कुणी असं टोकलं, तर टोकलेला माणूस रागावतो, वाद घालतो, पण तोही मराठीतच. इंदूरच्या माणसाच्या हाताशी हिंदी तयार असते, आणि तीही चांगली, शाळेत शिकलेली. मराठीत अपमान झाला की तो भांडत बसत नाही, मुकाट्याने भाषा बदलतो. म्हणून दुसऱ्याचं लेखन सुधारावं की नाही हा प्रश्न आपल्याकडे निव्वळ शिष्टाचाराचा राहत नाही. त्यासाठी आधी चुका येतात कुठून, आणि टोकलं की माणसाला लागतं का, हे समजून घ्यायला हवं.

सुरुवात नियमांपासून. आज आपण ज्यांना शुद्धलेखनाचे नियम म्हणतो, ते मराठी साहित्य महामंडळाने ठरवले आणि महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९६२ मध्ये १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. म्हणजे सगळे मिळून १८, आणि तेही माणसांनी बैठका घेऊन, वाद घालून ठरवलेले. १९६२ च्या आधी शाळा शिकलेली एखादी आजी आजही ‘नाहीं’, ‘कां’, ‘तें’ लिहिते. त्या अनुस्वारांचा उच्चार लोकांच्या तोंडून कधीच गेला होता, व्याकरणाच्या हिशेबापुरते ते कागदावर उरले होते. नव्या नियमांनी ते काढून टाकले. आजीने शाळेत ते गाळले असते तर गुण कापले गेले असते. आता ठेवले तर नात हसते.

त्याहून मागे गेलं तर आणखी गंमत. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि दरबाराचं मराठी कामकाज मोडीत चाललं. मोडी ही भराभर लिहायची लिपी. तिच्यात इ आणि ई, उ आणि ऊ असा भेद सहसा पाळलाच जात नसे. फौजा हलल्या, वसुली झाली, तह झाले, आणि वेलांटी पहिली की दुसरी यावरून एकाही कारकुनाची नोकरी गेली नसावी. हे सांगायचं कारण असं की ह्रस्व-दीर्घ चुकलं म्हणजे मराठीच बुडाली, असं इंदुरात तरी कुणी म्हणू नये. इथली मराठी फार मोठा काळ त्या भेदावाचून चालली आहे. नियम नकोत असं मात्र माझं म्हणणं नाही. छापील मजकूर, पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, संगणकावरचा शोध, या सगळ्यांना एकसारखं लेखन लागतंच.

आता काकांच्या मेसेजकडे. मराठीचा नियम म्हणतो की शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असला तरी. म्हणून कवी, शांती, गुरू, परिस्थिती. हिंदीने मात्र संस्कृतातलं मूळ रूप ठेवलं: कवि, शांति, गुरु, परिस्थिति. इंदूरच्या मुलाने पहिलीपासून हिंदी रूपं गिरवलेली असतात. मराठी तो घरी बोलतो, पण लिहायला बहुतेकदा त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पहिली मराठी ओळ तो फोनवर लिहितो. ‘वेळे वर’ हेही तसंच. हिंदीत ‘समय पर’, ‘राम ने’, ‘घर में’ असे शब्द सुटे लिहितात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात: वेळेवर, रामाने, घरात. काकांनी मराठी शब्द हिंदीच्या शिस्तीत बसवले, इतकंच. त्यात आळस नाही की बेपर्वाई नाही. एका भाषेचा नियम त्यांनी प्रामाणिकपणे दुसरीत पाळला.

लिंगाची तऱ्हाही अशीच. मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन. हिंदीतली ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, ‘चाय’ही स्त्रीलिंगी, त्यामुळे इंदूरच्या घरात ‘माझी पुस्तक कुठे आहे?’ आणि ‘चहा झाली का?’ ही वाक्यं सर्रास ऐकू येतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ती खटकतात. घरातल्या कुणाला काहीही वाटत नाही, आणि चहा वेळेवर मिळतो.

काही चुका तर नियम पाळण्याच्या अतिउत्साहातून होतात, आणि मला त्या सगळ्यात लोभस वाटतात. शेवटचा इकार दीर्घ, हे एकदा मनात पक्कं बसलं की माणूस ‘आणी’ लिहू लागतो. ‘आणि’ हा त्या नियमाला अपवाद आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘गुरू’ दीर्घ म्हणून दर आषाढात ‘गुरूपौर्णिमे’च्या शुभेच्छांचा पाऊस पडतो; पण समासात असा शब्द आधी आला की मूळचा ह्रस्व परत येतो, म्हणून ‘गुरुपौर्णिमा’. ‘न’ला ‘ण’ म्हणायला हवं हे ऐकून ऐकून कुणी ‘विनंती’ची ‘विणंती’ करतो. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धीकरण म्हणतात. अशा माणसाला ‘तुला नियम माहीत नाही’ म्हणणं म्हणजे अन्याय आहे. त्याला नियम माहीत आहे, जरा जास्तच माहीत आहे.

आणि नियम सोपे आहेत असंही नाही. ‘वकील’चं ‘वकिलाला’ होतं, मग ‘शरीर’चं ‘शरिराला’ का नाही? कारण ‘शरीर’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. त्याचा दीर्घ हलत नाही. ‘वकील’ अरबीतून आला, त्याचा दीर्घ ह्रस्व होतो. थोडक्यात, एक वेलांटी बरोबर द्यायची तर आधी शब्दाचं कुळ-गोत्र ठाऊक हवं. पोह्यांचा निरोप लिहिणाऱ्याकडून ही अपेक्षा जरा जड आहे.

फोनचा वाटा वेगळाच. इंदुरात पुष्कळांच्या फोनवर कीबोर्ड हिंदीचा असतो. तो शब्द अर्धा लिहिताच हिंदी रूप पुढे करतो, बोट त्यावर पडतं, मेसेज जातो. ‘ळ’ शोधायला वेळ लागतो म्हणून ‘वेळ’ची ‘वेल’ होते. बोलून लिहिणाऱ्यांची तर पंचाईतच. बोलतो मराठी आणि यंत्र ऐकतं हिंदी. अशा वेळी आपण ज्याला सुधारतो आहोत तो माणूस आहे की त्याचा फोन, हेही सांगता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. टोकलं की लागतं का? इथे संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी फार उपयोगी गोष्ट दाखवून ठेवली आहे. एमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स या तिघांनी १९७७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रोजच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी दाखवलं की बोलताना चूक झाली तर ती सुधारायची पहिली संधी नेहमी बोलणाऱ्यालाच मिळते, आणि बहुतेक वेळा तोच ती घेतो. ‘नाटक गुरुवारी आहे… नाही गं, शुक्रवारी.’ त्याच्या लक्षात आलं नाही तर ऐकणारा किंचित थांबतो. तरीही नाही आलं तर नुसतं विचारतो, ‘गुरुवारी?’ आणि बोलणारा स्वतःच म्हणतो, ‘अगं, शुक्रवारी.’ ऐकणाऱ्याने थेट ‘गुरुवारी नाही, शुक्रवारी’ म्हणणं त्या मानाने विरळ, आणि तेव्हाही तो ‘मला वाटतं’ वगैरे लावून धार बोथट करतो. आपण सगळे हे न शिकता करतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गप्पा मारणाऱ्या कुठल्याही टोळक्याजवळ दहा मिनिटं उभं राहा, हेच दिसेल.

ग्रुपवर ही सगळी सोय मोडते. थांबणं दिसत नाही, भुवई दिसत नाही, आवाजातलं हसू पोचत नाही. लिहिणाऱ्याला स्वतः सुधारायची जी संधी मिळायला हवी, ती मिळण्याआधी उत्तर येतं. शिवाय बोललेली चूक हवेत विरते. लिहिलेली तिथेच राहते आणि तिच्याखाली ती दाखवणाराही राहतो, दीडशे लोकांसमोर, ज्यांत सासरचे असतात, व्याही असतात. वयाचा प्रश्नही आहेच. मोठ्याने लहानाला टोकलं तर शिकवण, लहानाने मोठ्याला टोकलं तर लहान तोंडी मोठा घास. तोच शब्द, तीच वेलांटी, पण घाव वेगळा.

मे २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. ही बारीकशी सोय, पण बोलण्यातला तो हरवलेला विराम तिच्यामुळे थोडा परत आला. तेव्हा कुणाची चूक दिसलीच तर निदान ती १५ मिनिटं गप्प बसायला हरकत नसावी. अर्धी कामं तेवढ्यातच होतात.

टोकणाऱ्यांच्या स्वभावाचाही अभ्यास झाला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या जूली बोलंड आणि रॉबिन क्वीन या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ८३ जणांना काही ईमेल वाचायला दिले: घरात जोडीदार भाडेकरू हवा अशा जाहिरातीला आलेली उत्तरं. काहींत टंकनाच्या चुका, काहींत व्याकरणाच्या, काही स्वच्छ. चुका असलेल्या ईमेलच्या लेखकांना एकूणच कमी पसंती मिळाली. पण कोण किती कठोर झालं, ते वाचणाऱ्याच्या स्वभावावर होतं. जे लोक इतरांशी जुळवून घेण्यात कमी पडतात, त्यांना व्याकरणाच्या चुका अधिक खटकल्या. बहिर्मुख लोकांनी चुका सहज पोटात घातल्या. प्रयोग इंग्रजीतला, माणसं थोडी, तेव्हा यावरून ग्रुपमधल्या कुणाच्या स्वभावाचं निदान करायला जाऊ नका. एवढं मात्र त्यातून कळतं की चूक किती मोठी वाटते, हे अर्धं वाचणाऱ्याच्या मनात ठरतं.

आणि एक नियम तर प्रत्येक टोकणाऱ्याने भिंतीवर लावावा. जॉन बँगसंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये तो मांडला: दुसऱ्याच्या संपादनावर किंवा मुद्रितशोधनावर टीका करणारं काही लिहिलंत, तर तुमच्या त्या लिखाणातही काहीतरी चूक निघणारच. मर्फीच्या प्रसिद्ध नियमातली अक्षरं मुद्दाम चुकवून त्याने याला ‘मफ्रीचा नियम’ म्हटलं. वर काकांना मिळालेलं उत्तर पुन्हा वाचा. ‘जरा शुध्द लिहा.’ तिथे आधी द, मग ध हवा: ‘शुद्ध’. मराठीत हा नियम ज्या शब्दावर सगळ्यात जास्त वेळा खरा ठरतो, तो बहुधा हाच.

मग काहीच सुधारू नये का? सुधारावं, पण निवडून. ज्या चुकीने अर्थ फिरतो, माणसं चुकीच्या दिवशी चुकीच्या जागी पोचतात, किंवा कुणाची फजिती होते, ती लगेच सांगावी. इंदूरच्या ग्रुपवर कुणी लिहिलं की ‘चिरंजीवांना चांगली शिक्षा मिळाली, आम्ही समाधानी आहोत’, तर इथल्या लोकांना कळतं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पण हाच मजकूर लग्नासाठी स्थळ म्हणून पुण्याला गेला, तर मुलाने काय गुन्हा केला होता अशी चौकशी होईल. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक एका खुणेचा. पहिल्यात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजन. ‘आचार्यांना भांडी घासून द्यावीत’ असा निरोप मंगल कार्यालयाच्या ग्रुपवर गेला, तर कुणीतरी बोललंच पाहिजे. तारखेशी वार जुळत नसेल, फोन नंबरात आकडा कमी असेल, श्रद्धांजलीच्या मजकुरात गेलेल्या माणसाचं नाव चुकलं असेल, तिथे भीड धरण्यात अर्थ नाही.

नावांच्या बाबतीत मात्र उलटही काळजी घ्यायला हवी. माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसं ते बरोबर. ‘निलीमा’ला ‘नीलिमा’ करू नये. ती तिच्या आईवडिलांची आणि तिची बाब. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. हिंदी कारभारात ‘ळ’ चालत नाही, त्यामुळे कागदोपत्री काळ्यांचे ‘काले’ झालेले असतात. घराच्या पाटीवर काळे, ओळखपत्रावर काले. शिष्यवृत्तीचा किंवा बँकेचा फॉर्म भरताना एखाद्या उत्साही मराठीप्रेमीने ‘काले’चं ‘काळे’ केलं, तर भाषा शुद्ध होते आणि फॉर्म परत येतो.

उरलेल्या चुका, म्हणजे ‘परिस्थिति’, ‘आणी’, ‘माझी पुस्तक’, त्या गप्पांत सोडून द्याव्यात. सांगायचंच असेल तर खासगीत, आणि तेही ओळख असेल तर. ‘काका, मेसेज छान झालाय. वेळेवर हा शब्द मराठीत जोडून लिहितात, पुढच्या वेळी फ्लेक्सवर जाईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.’ एवढं पुरे. खाली लगेच रविवारी येणार असल्याचंही कळवावं. काकांना मुळात तेच हवं होतं.

मुलांचं वेगळं. त्यांना शिकवायचं असतं, पण सौम्यपणाच्या नादात काही पोचतच नाही, असं होतं. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या चार प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणारी मुलं तिथे फ्रेंच माध्यमातून शिकत होती. शिक्षक बहुतेकदा मुलाचं चुकलेलं वाक्य नुसतं बरोबर करून पुन्हा म्हणत. सुधारण्याच्या एकूण प्रयत्नांपैकी ५५ टक्के याच प्रकारचे होते. पण मुलांनी त्याची दखल घ्यावी, असं याच प्रकारात सगळ्यात कमी घडलं. शिक्षकाला आपलं म्हणणं पटलं, एवढंच मुलाला वाटत असावं. उत्तर हातात न देता विचारलं, तेव्हा मुलं स्वतः सुधारत. घरात हे असं दिसतं. मुलगी म्हणाली, ‘आई, माझी पुस्तक दे.’ आई म्हणाली, ‘हो, तुझं पुस्तक देते’, तर मुलगी पुस्तक घेऊन पळते. आई म्हणाली, ‘माझी पुस्तक, की…?’ तर ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘माझं!’ शेग्लॉफ मंडळींना बोलण्यात जे दिसलं, तेच इथे शिकवायला कामी येतं: सुधारायची संधी ज्याची त्याला. हे मात्र मूल एकटं असताना. आजोळच्या व्हिडिओ कॉलवर, सगळे मावस-मामे भाऊ पाहत असताना ‘की…?’ विचारलं, तर पुढच्या कॉलला ते हिंदीत बोलेल किंवा खोलीतून बाहेरच येणार नाही.

शुद्धलेखन उत्तम येणाऱ्या माणसाचा मंडळाला खरा उपयोग होतो तो मजकूर छापायला जाण्यापूर्वी. इंदूरच्या बहुतेक फ्लेक्सवाल्यांकडे अक्षरं जुळवणारा मुलगा हिंदी बोलणारा असतो. तो ‘ळ’चा ‘ल’ करतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. उत्सवाच्या आधी दोघांवर हे काम सोपवून टाकावं: एक मराठी नीट लिहिणारा, दुसरा कार्यक्रमाची माहिती असणारा. मजकूर आधी त्या दोघांकडे, मग दुकानात, आणि दुकानातून आलेला नमुना पुन्हा त्यांच्याकडे. तपासताना क्रम उलटा ठेवावा. बारीक अक्षरातले पत्ते आणि वेळा सगळेच डोळ्यांत तेल घालून वाचतात. हातभर अक्षरात लिहिलेलं मंडळाचं नाव कुणीच वाचत नाही, कारण ते बरोबरच असणार असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं. म्हणून आधी ते वाचावं, एकेक अक्षर, मोठ्याने.